पुढच्या डाव्या चाकाची डिस्क

मी एका स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकाची ब्रेक डिस्क बोलतेय. बिडाच्या लोखंडाची गोल चकती. गाडी वेळेवर थांबली की कौतुक चालवणाऱ्याचं होतं, चटके मला बसतात. तक्रार नाही, तो माझा धंदाच आहे.

माझे मालक व्यंकट सर. किल्लारीच्या भूकंपात त्यांचे वडील आणि बहीण गेली. बारा वर्षांचे सर आणि आई चतुराबाई तेवढे वाचले. पत्र्याच्या शेडमध्ये शिकून सरांनी लातुरात फिजिक्सचा क्लास काढला. मग अख्खा मराठवाडा पोरं घेऊन लातूरला लोटला आणि सरांनी ही जुनी गाडी घेतली. घर्षणाने उष्णता निर्माण होते हे ते हजार मुलांना शिकवत, पण बिलोलीजवळच्या ट्रॅकवर गेले की स्वतःच विसरत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चौथ्या फेरीला मी लालभडक होई. ब्रेक ऑइल उकळे आणि पेडल पायाखाली मऊ पडे.

आमचे मिस्त्री मकबूलभाई. भूकंपाच्या वर्षी मदतीच्या ट्रकांचे ब्रेक त्यांनी किल्लारीच्या रस्त्यावर बसून दुरुस्त केले होते. त्यांनी आधी ऑइल बदललं, मग पॅड. फरक पडला, पण थोडाच. शेवटी त्यांनी बंपरमधले दोन्ही फॉग लॅम्प काढले आणि त्या भोकांतून जाड रबरी पाइप आम्हा डिस्कांच्या मधोमध आणून सोडले. पळत्या गाडीचा वारा थेट माझ्या पोटात शिरू लागला. दहा फेऱ्या झाल्या तरी मी शांत. कुणीतरी पहिल्यांदाच माझा विचार केला होता. मला फार बरं वाटलं.

"सर, ह्या भोकात काय बी येऊ देऊ नका," मकबूलभाई म्हणाले. "आन् शेवटची फेरी हळू मारा, ब्रेक न दाबता."

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. सर आत कपडे बदलत होते तेव्हा चतुराबाई गाडीपाशी आल्या. भूकंपापासून त्या लाल फडक्यात बांधलेल्या नारळाशिवाय कुणाला घराबाहेर सोडत नसत. नारळासाठी जागा शोधताना त्यांना माझ्या बाजूचं भोक दिसलं. त्यात नारळ असा बसला, जणू मापानंच आणला होता. सरांना त्यांनी सांगितलं नाही, कारण ते हसले असते.

रविवारी सरांनी अकरा वर्षांच्या सृष्टीला, आपल्या लेकीला, हेल्मेट घालून शेजारी बसवलं. पाचव्या फेरीला माझा श्वास कोंडला. सहाव्या फेरीच्या वळणावर सरांनी पेडल दाबलं, ते तळाला गेलं. मला तडा गेला. गाडी ट्रॅक सोडून शेजारच्या तुरीत घुसली आणि थांबली. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. सोबत आलेले मकबूलभाई ट्रॅकच्या कडेवरून धावत आले.

"मकबूलभाई, माझी लेक होती आत," सर म्हणाले. "तुमच्या भरवशावर बसवलं होतं तिला."

मकबूलभाईंनी गुडघे टेकून भोकात हात घातला. लाल फडकं हाताला लागलं. चतुराबाईंनी बांधलेलं असंच फडकं त्यांनी सरांच्या घराच्या चौकटीला नेहमी पाहिलं होतं. सर सृष्टीचं हेल्मेट काढत होते. मकबूलभाईंनी नारळ हत्यारांच्या पिशवीत टाकला.

"पाइप निसटला होता, सर. माझंच चुकलं."

मला भयंकर राग आला. त्यांचं काम चोख होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

नवी डिस्क बसवून ते गाडी पोचवायला गेले. तडा दाखवावा म्हणून मला पोत्यात गुंडाळून नेलं होतं, पण सरांनी नुसती किल्ली घेतली आणि आत गेले. ओट्यावर चतुराबाई होत्या.

"माय, नारळ डिकीत बांधत जावा," मकबूलभाई हळू म्हणाले. "पुढं वारा लागतो, सुटून पडंल."

"बरं बाबा. पर परवा गाडी वावरात घुसली तरी पोरगी धड आली. त्या नारळानंच राखलं बघ."

मकबूलभाईंनी पोतं उचललं. "हाव, माय."

सर आता गाडी दुरुस्तीला हैदराबादला नेतात. पाइप मात्र मकबूलभाईंचेच आहेत म्हणे. मी मकबूलभाईंच्या दुकानात फळीवर पडून गंजते आहे, आणि ते माझ्याकडे बघायचं टाळतात. सर तुम्हाला कुठं भेटले तर त्यांना खरं काय ते सांगा. फक्त त्यांच्या आई घरात असताना सांगू नका.