उलट्या लटकलेल्या अळ्या

लामेकच्या मक्यात सगळं गाव लोटलं होतं. शेंड्याशेंड्यावर लष्करी अळ्या उलट्या लटकून मेल्या होत्या.

"बघा, देवाला शरण आल्या!" पांढऱ्या झग्यातला प्रेषित योनाम बाटली नाचवत ओरडला. "माझ्या मंतरलेल्या पाण्यानं!"

"शरणच यायचं होतं तर आधी मका कशाला खाल्ला?" मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. इथे मास्तरकी करताना याची सवय झाली आहे. गेल्या साली अळ्यांवर उतारा म्हणून शेतात पुरलेलं शिंग होतं, त्याआधी कोंबडीचं रक्त. खरं सांगतो, मी थकलो आहे.

मग भर दुपारी, ढोल वाजवत योनामने शेजारच्या एनिफाच्या मक्यावर तेच पाणी शिंपडलं. अळ्या खातच राहिल्या.

"पाणी खोटं नाही, घरात चेटकीण आहे," म्हणत त्याने एनिफाच्या म्हाताऱ्या आईकडे बोट दाखवलं. गावाने फर्मान काढलं, पुढच्या रविवारी म्हातारीला गावाबाहेर काढा.

एनिफा शिंपडून उरलेल्या पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आली. "मास्तर, मका गेला, ताटातला मक्याच्या पिठाचा न्सिमा गेला, तर उपाशी राहीन. पण आईला कुठं सोडू?"

मी बाटली हुंगली. कुजलेल्या अळ्यांचा वास! लामेकला गाठलं.

"तुझ्या शेतात कधी शिंपडलं?"

"दिवस मावळल्यावर. त्याआधी तो बांधावरच्या मेलेल्या अळ्या वेचत होता."

त्याच संध्याकाळी मी एनिफाच्या मक्याच्या पोंग्यापोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, ते पाणी सोडलं. रविवारी गाव म्हातारीला न्यायला आलं, तेव्हा तिथेही शेंड्यांवर मेलेल्या अळ्या उलट्या लटकत होत्या.

"हा अळ्यांचा रोग आहे," मी म्हणालो. "विषाणूचा. आजारी अळी वर चढून मरते, पाझरते, बाकीच्यांना लागण होते. योनाम त्याच अळ्या चुरडून पाण्यात कालवतो. पण उन्हात विषाणू मरतो. ह्याला दुपारची गर्दी हवी होती, म्हणून पाणी वाया गेलं."

"मास्तर देवाची चेष्टा करतोय!" योनाम गरजला.

"मग आत्ता उन्हात शिंपडून दाखव की!" लामेक म्हणाला. योनामने बाटली झग्यात लपवली आणि काढता पाय घेतला.

गाव माझ्याकडे वळलं. "मास्तर, आमच्याही शेतात तुम्हीच शिंपडा. तुमच्या हाताला गुण आहे!"

मी कपाळावर हात मारला. म्हातारी मात्र उखळ ओढत पुढे आली. "हात कसला, वेड्यांनो! मेलेल्या अळ्या आणा, मी कुटते."

कुणी हललं नाही. शेवटी लामेकने मूठभर अळ्या उखळात टाकल्या.

"कुटा, गाळा, सांजेला शिंपडा," मी म्हणालो. "आणि पुन्हा पाणी फसलं, तर तेव्हा सूर्य कुठे होता ते विचारा. म्हातारी कुठे होती ते विचारू नका."