बॉनेटखालचा नमदा

रामदास मेश्राम मिस्त्रीच्या हातात कला होती आणि डोक्यात हवा. दोन्ही गोष्टी त्याने भंडाऱ्याहून लखनौला येताना बरोबर आणल्या होत्या. सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं नोकरी करूनही त्यातली एकही कमी झाली नव्हती.

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये खात्याची डिझेल पिकअप इतका आवाज करू लागली, की साहेबांना शेजारच्या ड्रायव्हरशी ओरडून बोलावं लागे. रामदासने एका परदेशी गाडीच्या बॉनेटला आतून लोकरीचा जाड थर लावलेला पाहिला होता. त्याने अमीनाबादच्या बाजारातून दाबलेल्या लोकरीचा नमदा आणला, मापाने कापला आणि पंक्चरच्या सोल्यूशनने बॉनेटला आतून चिकटवून टाकला. ड्रायव्हर हरिहर वाकून बघत होता.

"भैया, दो-चार जगह तार से बाँध देते? गर्मी में चिपकाया हुआ छूट जाता है."

"तुम गाड़ी चलाओ, हरिहर. यह रामदास के हाथ का काम है."

आवाज खरंच निम्मा झाला. साहेबांनी पाठ थोपटली, आणि रामदासची स्वारी आठवडाभर हवेत होती.

मे महिन्यात, भर दुपारी, लूचे गरम झोत वाहत असताना गाडीने बाराबंकीच्या रस्त्यावर पेट घेतला. हरिहरने माती टाकून आग विझवली, त्यात त्याचा उजवा हात भाजला. गाडी ओढून आणली तेव्हा रामदासने बॉनेट उघडलं आणि पाहताक्षणी त्याला कळलं. सोल्यूशन वितळून नमदा लोंबला होता आणि इंजिनचं तेल पिऊन, धूर बाहेर नेणाऱ्या तापल्या नळीवर टेकला होता. नळीला चिकटलेला काळा गोळा त्याने खरवडून काढला. आजूबाजूला पाहिलं आणि खिशात घातला.

चौकशीत हरिहर स्वतःच म्हणाला, "साहब, बीड़ी तो पी थी हमने. शायद उसी से लगी होगी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी आपण होऊन फास गळ्यात अडकवत होता आणि चोर शेजारी मूग गिळून उभा होता. फोरमनच्या जागेसाठी रामदासचं नाव वर गेलं होतं. आज बोललो तर संपलंच, असं त्याच्या मनात आलं आणि तोंड उघडलंच नाही. पुढचे दहा दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. हाताला पट्टी बांधलेला हरिहर समोरून आला की तो कुठल्या तरी गाडीखाली शिरे.

शनिवारी मात्र हरिहरने त्याला गाठलंच. "भैया, बड़े बाबू कह रहे हैं, राजीनामा लिख दो, मामला निपट जाएगा. आपकी लिखावट अच्छी है, लिख दीजिए न."

 रामदासने कागद ओढला आणि शुद्ध हिंदीत लिहिलं, की मी आपल्या मर्जीने नोकरी सोडत आहे. हरिहरला नावापुरतं लिहिता येई. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि हसला. "चलो, बला टली." नोकरी सोडताना माणूस हसतो कसा, असं रामदासला वाटलं, पण त्याने विचारलं नाही.

संध्याकाळी इंदिरा नगरच्या क्वार्टरमध्ये जेवताना त्याने बायकोला, कमलाला, सांगितलं, "हरिहरने राजीनामा दिला."

लेक उल्का लखनौतच वाढलेली. ती म्हणाली, "अच्छा हुआ बाबा, सुलह हो गई."

"सुलह कसली? नोकरी सोडली त्याने."

"राजीनामा मतलब समझौता, बाबा. कोर्ट-कचहरी में यही बोलते हैं. नौकरी छोड़ने को तो इस्तीफ़ा कहते हैं."

रामदासचा घास हातातच राहिला. बडे बाबूंना, म्हणजे ऑफिसच्या हेडक्लार्कला, प्रकरण मिटवायला नुसता तडजोडीचा कागद हवा होता, आणि त्याने हरिहरची भाकरीच काढून घेतली होती. मग लपवायचं तरी काय उरलं? उल्का उठून गेल्यावर त्याने नमद्यापासून सगळं कमलाला सांगितलं.

"शब्द कळला नाही, हे मानते मी," ती म्हणाली. "पण अहो, नोकरी का सोडतोस बाबा, एवढं एकदा विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

याचं उत्तर रामदासकडे होतं आणि ते त्याला स्वतःशीही उच्चारवेना. हरिहर गेला असता, तर ती पट्टी रोज दिसली नसती.

रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना झाली. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी तो अडखळला. खोटं कुठं बोललोय, मी तर बोललोच नाही, असं त्याने मनाला समजावून पाहिलं. वकिली चांगली होती, पण मन काही ऐकेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी ऑफिस उघडताच तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहब, हरिहर का कागज़ वापस दीजिए, गलती मेरी है. और आग बीड़ी से नहीं लगी. मेरे नमदे से लगी."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दस दिन चुप क्यों रहे?"

 साहेबांनी हरिहरचा कागद फाडला, रामदासकडून सगळी हकिकत लिहून घेतली आणि हरिहरला आत बोलावलं. आग कशाने लागली ते त्यांनीच त्याला दोन वाक्यांत सांगितलं. शनिवारच्या कागदावर इस्तीफा लिहिला होता, तो फाडला आणि नोकरी राहिली, असंही सांगितलं. मग रामदासने लिहिलेला कागद पुढे सरकवला. "तुम भी इस पर दस्तख़त कर दो."

हरिहरने कागद हातात घेतला. अक्षर ओळखीचं होतं.

"पढ़ दूँ?" रामदासने विचारलं.

हरिहरने एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग वळून दारातल्या चपराशाला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"ज़रा पढ़ देना, भाई. क्या लिखा है इसमें?"