लाल चिंधीचं झाड

चूक माझीच म्हणायची. माझा नवरा बेझान झाडावर चढायला लागला तेव्हा मी पोती उलगडत बसले होते. मान वर केली असती तर त्याला तिथंच धरलं असतं.

सप्टेंबरचे दहा-बारा दिवस आमच्या राचाच्या डोंगरातले सगळे पुरुष फरच्या झाडांवर असतात. फरची बोंडं अगदी शेंड्याला येतात आणि पिकली की तिथंच विखरून जातात, म्हणून त्याआधीच खुडायची. त्यातलं बी दूरदेशी जातं, तिकडे त्यापासून नाताळची झाडं वाढवतात. या दिवसांवरच आमचा हिवाळा निघतो. खुडून झालेल्या झाडाला ज्यानं त्यानं आपली चिंधी बांधायची, म्हणजे दुसरं कुणी उगाच चढत नाही. आमची चिंधी लाल. माझ्याच डोक्याच्या जुन्या रुमालाची.

माझा नवरा बासष्ट वर्षांचा आहे, पण दोर लावत नाही. दोर गाईला बांधतात म्हणे.

"त्सिउरी!" वरून हाक आली. "कुणा मेल्यानं आधीच खुडलंय गं! नुसती देठं लागतायत हाताला!"

"अख्ख्या रानात तुलाच बरं बोडकं झाड सापडतं!"

"त्या ओढ्यापलीकडच्या ओतियाचं काम असणार. चिंधीसुद्धा बांधली नाही चोरानं!"

मी उठले. चिंधी माझ्या नाकासमोर होती. लालभडक. बुंध्याला मिठी मारताना त्याचा गाल तिला घासलाच असेल. आणि कालच त्यानं स्वतः ती बांधली होती.

उन्हाळ्यात त्यानं शेजारणीला, गुलिकोला, माझ्या नावानं हाक मारली, त्यावरून मी दोन दिवस भांडले होते. हल्ली चढायचाही सावकाश. पण आम्हा राचावाल्यांना सगळा देशच संथ म्हणून हसतो, मी काय वेगळं समजणार? त्याला दिसत नव्हतं. आणि तो दहा मजले उंचीवर होता.

चढताना हात फांदी शोधतो, उतरताना मात्र पाय शोधतो. वठलेली फांदी कुठली ते डोळ्यांनीच कळतं. तो अजून दाट हिरव्यात होता, मला दिसतसुद्धा नव्हता. ओतियाची माणसं ओढ्यापलीकडे, तीही शेंड्यांवर. आणि ओरडून सांगणार तरी काय? मला कळलंय हे त्याला कळलं असतं तर त्याचे हात थरथरले असते. मग मी मला येतं ते केलं. कटकट.

"सावकाश उतर! विजार फाडून आणशील!"

"जुनीच आहे!"

"नवरासुद्धा जुनाच आहे, पण या वयात दुसरा कुठून आणू?"

तो हसला. हसला म्हणजे श्वास शाबूत आहे, एवढंच मला कळलं.

त्याचे पाय दिसायला लागले. "डावीकडची वठलेली आहे, उजवी धर!"

"दिसतंय मला!" तो खेकसला, आणि पाय डावीकडेच टाकला.

फांदी मोडली. तो दोन हातांवर लोंबकळला, सालीचा भुगा माझ्या तोंडावर पडला. मी हात पसरून खाली उभी होते. जसं काही झेलणारच होते! आयुष्यात इतकी निरुपयोगी मी कधी झाले नव्हते. पाय हलले, चाचपडले, बुंधा सापडला.

तो खाली आला आणि कपाळ बुंध्याला टेकून उभा राहिला. हात टेकायला गेला तो नेमका चिंधीवर. बोटांनी त्यानं ती चाचपली, मग गाठ चाचपली. त्याचीच गाठ.

मग चिकानं माखलेले हात विजारीला पुसून तो पुढच्या झाडापाशी गेला. सालीवर तळवा ठेवला.

"याला आहेत का गं?"

चाळीस वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी वर पाहिलं. शेंडा बोंडांनी लगडला होता.

"नाही," मी म्हणाले.

"आणि याला?"

"याला पण नाही."

अशी सात झाडं झाली. प्रत्येक झाडाशी त्याचा आवाज खाली उतरत गेला. ओढ्यापलीकडे ओतियाची बोंडं धपाधप जमिनीवर पडत होती.

"हे काय पडतंय?"

"वाळक्या फांद्या."

तो खाली बसला. मी मक्याची भाकरी त्याच्या हातात दिली, पण ती त्यानं खाल्ली नाही.

"यंदा झाडांना काही धरलंच नाही म्हणायचं."

"नाही धरलं," मी म्हणाले. मला रडू येत होतं, पण आवाज नीट ठेवला.

त्यानं रिकामी पोती चाचपत घडी घालून खांद्यावर टाकली. मग खिशात हात घालून उरलेल्या सगळ्या लाल चिंध्या काढल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"मग या तूच ठेव," तो म्हणाला. "पुन्हा रुमाल शिवता आला तर बघ."