निळा पडदा आणि सुनेची वही

स्तामेंकाची सुनेबद्दल तक्रार एकच होती, पण ती सकाळ-संध्याकाळ होती: ही बया तोंडाने बोलत नाही, वहीत लिहिते. घरात काही बिघडलं की माणसाने चार शिव्या हासडाव्यात, दार आपटावं आणि मग कॉफीचं आधण ठेवावं. दून्या मात्र गेला महिनाभर चोराच्या मागावर असलेल्या हवालदारासारखी वही उघडून बसलेली. कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला रे झाला, की ती घड्याळ बघायची आणि खरडायला लागायची.

"काय लिहितेस गं एवढं?"

"किती वाजता बंद पडला, तेव्हा काय काम चाललं होतं आणि पडद्यावर काय कारण आलं, ते लिहिते, आई."

"मग मी तेव्हा काय करत होते तेही लिही. कोर्टात कामाला येईल."

दून्या नुसती हसली. हे हसणं म्हातारीला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

स्तामेंका चार हिवाळे शाळेत गेलेली. संतांचं कॅलेंडर वाचण्यापुरती अक्षरं तिला येत. सून गोठ्यात गेली की ती पावाच्या टोपलीशेजारची वही हळूच उघडून बघे. आपलं नाव कुठे दिसत नाही, हे बघून पुन्हा मिटून ठेवी. नाव शोधायला तिच्याकडे कारण होतं, पण ते तिने अजून देवालाही सांगितलं नव्हतं.

दून्या सपाटीवरची, सुबोतित्साकडची. उझित्सेच्या वरच्या या डोंगरावर लग्न करून आली, ती बेलग्रेडच्या एका कचेरीचं काम घेऊनच. घरी बसून ती छपरांचे नकाशे काढायची. कचेरीने तिला परीक्षेवर ठेवलं होतं. सोमवारी दुपारी बारापर्यंत एका शाळेच्या छपराचा नकाशा पोचला तर नोकरी पक्की. नाही पोचला तर जर्मनी, श्टुटगार्ट. तिच्या नवऱ्याच्या, मोम्चिलोच्या, चुलतभावाने तिथल्या गोदामात नवराबायको दोघांची सोय लावून ठेवली होती. बॅग माळ्यावरून खाली आली होती आणि कुबट वास जावा म्हणून व्हरांड्यात आ वासून पडली होती. वस्तीतल्या चाळीस घरांपैकी नऊ घरांतून धूर निघायचा. त्यातलं आणखी एक घर थंड पडायला एक बॅग पुरे होती.

आणि कॉम्प्युटर? कधी दोन तास नीट चाले, कधी दहा मिनिटांत मान टाकी. सगळा पडदा निळा आणि वर पांढरा, तोंड वाकडं केलेला चेहरा.

"बघा तरी," स्तामेंका म्हणाली, "बिघडतो पण हाच आणि रुसतो पण हाच. मोम्चिलो, अगदी तुझ्या बापावर गेलाय."

मोम्चिलोचा उपाय ठरलेला: पेटीला एक चापट, बंद, पुन्हा चालू. दून्याची रीत वेगळी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग वाट बघायची. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम काढला. तीन दिवसांनी पुन्हा निळा. वहीत काट. व्हायरसचा पहारेकरी काढला. काट. अख्खा शनिवार घालवून विंडोज नव्याने टाकलं. रविवारी सकाळी दुधावर साय यायच्या आत पुन्हा तोच रुसका चेहरा.

"दर वेळी कारण वेगळं सांगतोय," दून्या वहीची पानं मागे उलटत म्हणाली. "एकाच प्रोग्रामचा दोष असता तर रडगाणंही एकच असतं. हे खोटं बोलणाऱ्यासारखं आहे. रोज नवी कथा."

स्तामेंकाने मिरच्यांचं लोणचं वाढता वाढता डाव खाली ठेवला.

"आणि पहिली नोंद वीस डिसेंबरची," दून्या म्हणाली. "आपल्या संत निकोलाच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाची. आई, सणाआधी पेटीला कुणी हात लावला होता का?"

"मी? त्या भुताला? मला काय कामं नाहीत?"

भिंतीवरच्या तसबिरीतून घराचा राखणदार संत निकोला बघत होता. स्तामेंकाने त्याच्याकडे पाठ केली.

जेवणानंतर दून्याने मेमरीची तपासणी लावली. पडद्यावर आकडा हळूहळू वर चढला आणि चूक सांगणारी लाल अक्षरं आली. तिने उझित्सेतल्या दुकानदाराला त्याच्या घरी फोन केला, तेव्हा तो जेवत होता. चघळत चघळतच म्हणाला, मेमरीची पट्टी गेली असेल, नवी बुधवारी येईल. पेटीत पट्टी एकच होती, ती काढून काम चालणार नव्हतं.

दून्याने वही मिटली. महिन्यात पहिल्यांदाच काही न लिहिता मिटली. मोम्चिलो व्हरांड्यात गेला आणि बॅग आत घेऊन आला.

चेन ओढल्याचा तो आवाज स्तामेंकाला सहन झाला नाही.

"ठेव ती खाली!" ती ओरडली. "मी केलंय ते."

"काय केलंस, आई?"

"सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं बाजारात होतात. चिमणीपासून चमच्यापर्यंत सगळं घर घासून झालं. मग त्या पेटीच्या भोकांतून धूळ दिसली. पाहुणे येणार. लोकांनी काय म्हणायचं, स्तामेंकाकडे देव चकचकीत आणि पेटीत उकिरडा? सुरीने स्क्रू काढले. हंसाच्या पिसाने झाडलं. तिथे एक हिरवी पट्टी, सोन्याच्या दातांची. दात काळवंडलेले. काढली, पुसली, टक् वाजेपर्यंत परत बसवली."

"कशाने पुसली?" दून्याने विचारलं.

"कशाने म्हणजे? घरच्या दारूने, राकियाने. ताप आला तर छाती चोळायची राकियाने, जखम धुवायची राकियाने, मग हिलाच काय वेगळं लावायचं?"

"कुठली राकिया?"

इथे मात्र म्हातारीचा आवाज खाली आला. "टेबलावर होती ती. पाहुण्यांची. मध घातलेली."

दून्या इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली.

"आई, पट्टी मेली नसेल! दातांवर पाक बसलाय!"

वायर काढून तिने पेटी उघडली. पट्टी बोटाला चिकटत होती. तिने दात खोडरबराने घासले, पण कडेचा चिकटपणा जाईना. रविवारी औषधांचं दुकान बंद, स्पिरिट कुठलं आणणार? स्तामेंका तोवर तळघरात उतरून आली होती. हातात राकियाच्या भट्टीची पहिली धार, जी कुणी पीत नाही, फक्त काचा पुसायला आणि गुडघे चोळायला ठेवतात.

"हिच्यात मध नाही," ती म्हणाली. "हिच्यात दयामायाच नाही."

पट्टी पुसली, चुलीपासून लांब, खिडकीत वाळवली, पुन्हा बसवली. तपासणी पुन्हा लागली. तिघंही आकड्याकडे बघत उभे राहिले, लग्नाच्या वेळी चर्चच्या दाराकडे बघतात तसे. शंभर झाले. लाल अक्षर एकही नाही.

तरी दून्याने लगेच आनंद केला नाही. कामाला बसली, घड्याळ बघून वहीत वेळ टाकली. सोमवारी सकाळपर्यंत पडदा एकदाही निळा झाला नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी शाळेचं छप्पर बेलग्रेडला गेलं. चार वाजता फोन आला. दून्या दोनदा "हो" म्हणाली, एकदा "आभारी आहे", आणि वही उघडून शेवटची ओळ लिहिली.

स्तामेंका कॉफी घेऊन मागे उभी होती. "काय लिहिलंस?"

"कारण: मध."

"आणि नाव?"

"नाव कशाला, आई?"

स्तामेंकाने कप तिच्यापुढे ठेवला, बोटाने ओळीखालची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाली, "घाल माझं नाव, ठळक घाल. आणि ऐक, सूनबाई: तुझी कॉफी पाणचट, तुझं तोंड मुकं, पण खोटं कुठे दडलंय ते सापडल्याशिवाय तू जागची हलत नाहीस. असं माणूस मी श्टुटगार्टला फुकट देत नसते. त्या मोम्चिलोला सांग, बॅग माळ्यावर टाक म्हणावं."