एकशे बत्तीस वेळा तीच भिंत

जीवशास्त्राच्या बाईंनी जवळजवळ दहा वर्षं एकाच भिंतीचा फोटो काढला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तीच जागा, तेच अंतर, शेजारी तीच लाकडी पट्टी. भिंतीवर दगडफुलाचा एक राखाडी चट्टा होता आणि तो वर्षाला जेमतेम दोन मिलिमीटर पसरत होता. एकशे अठरा फोटो. अकरा वर्षं भरली की ही सगळी मालिका द्या, असं एका संशोधिकेने मागितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंकडे कुणीतरी गुण न मागता काहीतरी मागत होतं.

म्हणून बाईंनी जेवताना विचारलं की घरातल्या संगणकांसाठी बॅकअपची खात्रीची सोय कुठली. नवऱ्याने ताटातून मान वर न करता सांगितलं की धाकट्याला विचार, त्याला त्यातलं कळतं.

धाकटा म्हणजे बाईंचा दीर. हा माणूस पडद्यावर बोट टेकवण्याआधी ते जिभेला लावत असे. पेनड्राइव्हचं टोपण त्याने कानात घातलेलं बाईंनी दोनदा पाहिलं होतं, आणि तेच टोपण परत पेनड्राइव्हला बसवतानाही. एकदा तो बाईंना डबा द्यायला शाळेत आला होता, तेव्हा प्रयोगशाळेतल्या कपाटात बरणीतला बेडूक पाहून पांढराफटक पडला आणि डबा शिपायाच्या हातात कोंबून पळाला. म्हणाला, "वहिनी, असली घाण बघवत नाही मला."

भाऊजींनी दिवाणखान्यात एक काळी पेटी आणून ठेवली. आत दोन डिस्क. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत, असं त्यांनी तीनतीनदा समजावलं आणि चिवड्याच्या हातांनीच तारा जोडल्या. बाईंच्या संगणकात जागा कमी, म्हणून त्यांचे फोटो पेटीत हलवले. मूळही पेटीत आणि प्रतही पेटीत. बाईंनी विचारलं, की एकीवरून चुकून काही पुसलं तर? भाऊजी हसले. असे प्रश्न फक्त मास्तरणींनाच पडतात, म्हणाले.

चौदा महिन्यांनी पेटी भरली. भाऊजींनी तिच्यात चारशे सिनेमे कोंबले होते, पण ते सगळे वेगवेगळे होते ना. वहिनींचं मात्र नवलच, एकच भिंत एकशे बत्तीस वेळा. सारखे दिसणारे फोटो शोधून पुसणारा एक प्रोग्राम त्यांनी चालवला आणि एक भिंत ठेवली. पुसणं इमाने-इतबारे दुसऱ्या डिस्कवरही उतरलं.

बाईंना रविवारी नवा फोटो टाकताना कळलं.

"कचरापेटीही रिकामी केली वहिनी," भाऊजी म्हणाले. "काम अर्धवट ठेवायची सवय नाही मला."

उरलेला फोटो बाईंनी उघडला. त्या तापाने पडल्या होत्या तेव्हा भाऊजींनी काढून दिलेला. आकाराने सगळ्यात मोठा, म्हणून प्रोग्रामने तोच ठेवला होता. कोपऱ्यात भाऊजींचा अंगठा होता, नखात मळ.

बाई उठल्या, पदराने हात पुसले आणि शाळेत गेल्या.

पेटी आली त्याच महिन्यात निवृत्त होताना त्यांनी फोटोंची एक डिस्क प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली होती, घरी न्यायची राहून गेली होती. शिपाई आवारातच राहायचा, त्याने सुट्टी असूनही कुलूप काढलं. बेडकाच्या बरणीमागे ती होती, फॉर्मॅलिनच्या वासाची. बाईंनी तिथल्याच संगणकाला जोडली आणि एकेक फोटो उघडून पाहिला. एकशे अठरा मिळाले. अंगठ्यासकट एकशे एकोणीस. तेरा गेले ते गेलेच, आणि बाईंच्या एका वर्षाचा चट्टा कुणालाच दिसणार नव्हता.

घरी भाऊजी दारातच उभे होते. "मिळाले ना? मग झालं तर. तशीही भिंत काही पळून जात नव्हती."

चपला काढता काढता बाईंनी नवऱ्याला सांगितलं, की यापुढे एक प्रत माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडे. दुसरी शाळेत, दर महिन्याला मी स्वतः बदलेन आणि उघडून बघेन. पेटी सिनेमांना ठेवा.

"शाळेतच कशाला?" भाऊजींनी विचारलं. "माझ्याकडे ठेवा की."

"तिथे बेडूक आहे," बाई म्हणाल्या.