पॅसेजमधलं झाकण

एसी बिघडला की लोक मेकॅनिकला फोन करतात. आमच्याकडे एसी बिघडला की माझा नवरा नितेश स्क्रूड्रायव्हर शोधतो, आणि तो सापडेपर्यंत माझं डोकं फिरतं.

मे महिन्यातली रविवारची दुपार होती. दहिसरच्या टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट, डोक्यावर तापलेली गच्ची, आणि मला आठवा महिना. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. या कुशीवर वळले की बाळ त्या बाजूने लाथा घालायचं, त्या कुशीवर वळले की पाठ धरायची. हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल असे माझे हेलपाटे चालू होते. त्यात घालायला धड काही नाही. एक जुनी जांभळी सुती साडी होती माझी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिचा गाऊन शिवून घ्यायचा म्हणून कपाट उपसलं, तर ती साडीच गायब.

"आई, माझी जांभळी साडी बघितलीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"नाय गो," म्हणाल्या आणि लसूण सोलत बसल्या. एरवी त्या माझ्याशी आपलं साधं मराठी बोलतात. आतून हलल्या की मालवणी बाहेर येतं. साडीवरून हलण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

आमचा एसीसुद्धा साधासुधा नाही. आधीच्या मालकाने हौसेने सेंट्रल बसवून घेतलाय. पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये एकच मोठं मशीन, तिथून डक्टमधून सगळ्या खोल्यांत थंड हवा. बाथरूमसमोर छताला एक चौकोनी झाकण आहे, ते सरकवलं की मशीन. फ्लॅट बघायला आलो तेव्हा नितेश त्या झाकणाखाली मान वर करून खुळ्यासारखा हसत उभा होता. काळाचौकीच्या चाळीत सगळं घर एका पंख्याखाली झोपायचं, त्यातला हा मुलगा. त्याला तो एसी इतका आवडला की किचन बघायचं राहूनच गेलं.

होळीपर्यंत एसी झकास चालला. मग वारा हळूहळू कमी होत गेला. आवाज तेवढाच, पण जाळीखाली हात धरला तर नुसती फुंकर. आणि त्या रविवारी पॅसेजच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं.

"गॅस गेलाय," नितेश म्हणाला. त्याने रात्री तीन-चार व्हिडिओ बघितले होते.

"मेकॅनिकला बोलव."

"केला फोन. गुरुवारी येतो म्हणाला. सीझन आहे ना यार."

"मग दुसऱ्याला कर."

"अगं, सर्व्हिसिंग तर आहे! त्यात काय एवढं? फिल्टर धुवायचा, बाहेरचं युनिट धुवायचं. बाबांच्या हयातीत आमच्या खोलीत कारागीर म्हणून कुणी पाय ठेवला नाही."

माझे सासरे गिरणीत होते. त्यांनी स्टोव्हपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं घरीच दुरुस्त केलं, ही कथा मी लग्नापासून ऐकतेय. पण स्टोव्ह वेगळा आणि हे वेगळं, हे या माणसाला कोण सांगणार?

सासूबाई लसूण टाकून उठल्या. "नितेश, कशाला हात लावू नकोस. वायरी असतात."

"बघ, आईसुद्धा तेच म्हणतायत," मी म्हटलं. "दुसरा मेकॅनिक बघ."

"मेकॅनिक पण नको," सासूबाई घाईने म्हणाल्या. "परकी माणसं घरात कशाला या दिवसांत? पंखा लाव. आम्ही काय एसीत बाळंत झालो?"

झालं. माझं डोकं सटकलं. घरच्याने करायचं नाही, बाहेरच्याने करायचं नाही, मग करायचं काय, सुनेने उकडून मरायचं? मी दार आपटून बेडरूममध्ये गेले.

एसीचा राग निमित्ताला होता. खरा राग दुसराच होता, आणि तो कित्येक महिने माझ्या पोटात बाळाशेजारीच वाढत होता.

हे माझं पहिलं बाळ नाही. पहिल्या वेळी आम्ही सगळं थाटात केलं होतं. सातव्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, पाळणा, भिंतीला ढगांचा कागद. नंतर दोन आठवड्यांत पोटातले ठोके थांबले. मी हॉस्पिटलमधून रिकामी घरी आले तेव्हा पाळणा नव्हता, कपडे नव्हते, भिंतीवरचा कागदसुद्धा खरवडून काढलेला. सासूबाईंनी एकटीने सगळं आवरलं होतं. कुठे टाकलं, कुणाला दिलं, मी विचारलं नाही.

म्हणून या वेळी त्यांचं एकच पालुपद. आधी काही आणायचं नाही. जन्माला आलं की सगळं येईल, तोवर घरात एक चिंधीसुद्धा नको. डोहाळजेवण नाही, नावं सुचवायची नाहीत. मी न राहवून एक टोपडं विकत आणलं होतं, पिवळं, कानांवर बांधायच्या नाड्यांचं. उशीखाली ठेवलं होतं. त्यांना सापडलं. ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, "हे आत्ताच्या आत्ता घराबाहेर गेलं पाहिजे." माझी बहीण ऋतिका मालाडला राहते. टोपडं तिच्याकडे गेलं.

त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलं, की या बाईला खात्री आहे. हेही जाणार, याची खात्री. बाकीच्यांच्या सासवा दुपट्यांचे ढीग घालतात, आणि आमच्या सासूबाई दुपारचं जेवण झालं की पिशवी काखोटीला मारून खालच्या मजल्यावर सुहासिनीकाकूंकडे गप्पा छाटायला जातात. संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. मी एकटी पोटावर हात ठेवून बसायचे. मला फार काही नको होतं. या घरात माझ्या बाळाची कुणीतरी वाट बघतंय, एवढं एकदा दिसायला हवं होतं.

बाहेरून पाण्याचा आवाज आला म्हणून मी उठले. नितेश ड्राय बाल्कनीत बाथरूमचा जेट ओढून बाहेरचं युनिट धूत होता. चड्डी-बनियन ओलं, बोट पत्र्याने कापलेलं, तोंडावर मात्र विजय.

"एमसीबीचा खटका पाडलास का आधी?"

"पाडला गं बाई. मी काय वेडा आहे?"

"मी काही बोलले नाही."

त्याने एसी सुरू केला. आम्ही दोघं जाळीखाली तोंड वर करून उभे राहिलो. आवाज आला, वारा नाही. पॅसेजमध्ये ठिबकणं उलट वाढलं. बादलीत टपटप, टपटप. त्या आवाजाने मला ओरडावंसं वाटत होतं.

"म्हणजे मशीनमध्येच काहीतरी आहे," नितेश म्हणाला. "झाकण उघडावं लागणार."

त्याने परत एमसीबी पाडला आणि लोखंडी शिडी आणायला गेला. घेऊन आला तोवर सासूबाई झाकणाखाली उभ्या. पदर खोचलेला, दोन्ही हात कमरेवर.

"वर जायचा नाय."

"आई, सर गं."

"मेल्या, तुका सांगलंय ना, वर हात लाव नको! शॉक लागतलो!"

"लाइट बंद आहे! काही होत नाही."

त्यांनी शिडी धरली. एका बाजूने मुलगा ओढतोय, दुसऱ्या बाजूने आई. मध्ये ती बादली लवंडली आणि सगळ्या पॅसेजभर पाणी झालं. आणि मी, घामाने निथळत, भिंतीला टेकलेली, मला ते सहनच होईना.

"सोडा ती शिडी!" मी ओरडले. "काय चाललंय तुमचं? टोपडं आणलं तर नको, मेकॅनिक नको, आता मुलगा करतोय तर तेही नको. सरळ सांगा ना, आई, तुम्हाला हे बाळच नकोय! हेही जाणार म्हणून बसलायत तुम्ही!"

बोलले आणि जीभ चावली. पण गेलेला शब्द काय परत येतो?

सासूबाईंनी शिडी सोडली. ओल्या फरशीवरच भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

नितेश माझ्याकडे बघेना, आईकडेही बघेना. तो वर चढला आणि त्याने झाकण सरकवलं. मोबाइलचा टॉर्च आत फिरवला.

"हे काय?" त्याचा आवाज घुमला. "अगं, इथे कोणी माळा केलाय?"

"काय आहे?"

"मशीनच्या मागे नुसती गाठोडी. हवा आत घ्यायची जाळी पूर्ण बुजलीय. वाराच नाही घेत ते, मग थंड काय करणार? पाइपावर बर्फ जमलाय." त्याने हात घालून एक गाठोडं ओढलं. सैल गाठ सुटली, आणि एक मऊ, घडी घातलेलं काहीतरी शिडीवरून घरंगळत खाली लोंबत राहिलं.

दुपटं होतं. लहानसं, चार पदरी. कडेने बारीक हातटाके, मुंगीच्या रांगेसारखे. मधला चौकोन जांभळा.

माझी साडी.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. चाळीत त्यांचा अर्धा संसार पोटमाळ्यावर असायचा. गहू, पितळेची भांडी, गणपतीचं मखर, सगळं वर. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, माळा खय? नितेश हसला होता. फॉल्स सीलिंग आहे आई, माळा नाही. त्यांनी तो शोधून काढला होता. मी चेकअपला गेले की या वयात शिडी लावून वर चढत होत्या, एकट्या.

"सुहासिनीकाकूंकडे..." मी म्हटलं.

"तिच्याकडेच शिवतंय. घरात सुई कशी लावू?"

"पण आई, तुम्हीच म्हणालात ना, घरात चिंधीसुद्धा नको म्हणून?"

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "घरात खय हाडलंय? वर ठेवलंय. वर म्हणजे काय घर?"

नितेशला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. तो अजून शिडीवर, एका हातात गाठोडं. "किती आहेत गं आई? दुपटी, झबली, कुंची पण आहे. ह्यात बाबांच्या धोतराची पण लंगोटं आहेत वाटतं. काढतो सगळं खाली."

"नको!"

मला वाटलं सासूबाई ओरडल्या. मी ओरडले होते.

हो, मीच. टोपड्यावरून इतके महिने धुमसणारी मी. ते जांभळं दुपटं शिडीवरून अजून घरात पडायचं बाकी होतं. मागच्या वेळचा पाळणा दिसला, खरवडलेली भिंत दिसली. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि ती सासूबाईंच्या भीतीपेक्षा तसूभरही कमी नव्हती. त्यांनी निदान त्या भीतीचं काहीतरी शिवलं होतं. मी नुसती भांडत बसले होते.

"ठेव परत," मी म्हटलं. "झाकण लाव. राहू दे उकडलं तर. एकच महिना तर राहिलाय. नितेश, ठेव म्हणते ना!"

"अगं पण एसी..."

"खड्ड्यात गेला एसी!"

सासूबाई उठल्या. ओलं लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं. त्या माझ्याजवळ आल्या, आणि त्यांनी आपला तळवा माझ्या पोटावर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाळाने तेवढ्यात अशी लाथ मारली की त्यांचा हात उडाला.

त्या शिडीकडे वळल्या. हात वर केला, लोंबणारं दुपटं खसकन ओढलं, आणि माझ्या दोन्ही हातांत दिलं.

"घे गो," म्हणाल्या. "पोराक उकडता आत."

मग नितेशला म्हणाल्या, "बघतंस काय? काढ सगळा खाली."

एकामागून एक गाठोडी खाली आली. सोफा भरला, डायनिंग टेबल भरलं. नितेशने फडक्याने फिल्टर पुसला, जाळीवरची कापसाची धूळ काढली आणि बर्फ वितळेपर्यंत आम्ही तिघं कपड्यांच्या ढिगात बसून राहिलो. उन्हं उतरल्यावर त्याने एसी लावला. जाळीतून भस्सकन थंडगार वारा आला.

"बघ," नितेश म्हणाला, "म्हटलं होतं ना, घरच्या घरी होतं?"

"गप रव," सासूबाई म्हणाल्या. "गुरुवारी त्या माणसाला येऊ दे, नीट बघू दे. एवढासा जीव यायचाय घरात."

मी बेडरूममध्ये आडवी झाले. कित्येक दिवसांनी पाठ टेकली. थोड्या वेळाने चक्क थंडी वाजायला लागली, म्हणून ते जांभळं दुपटं मी पोटावर ओढून घेतलं. पोटापुरतंच होतं ते.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत येऊ की नको अशा.

"त्या ऋतिकाक फोन कर," म्हणाल्या.

"कशाला, आई?"

"टोपडा घेऊन ये म्हणून सांग तिका."

मी उशीजवळचा फोन उचलला. नंबर लावला, ऋतिकाने हॅलो म्हटलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच बोलल्या.