शिंपीकाकांनी मला अंगरखा शिवला

मित्रांनो, जवळ या, पण मला टेकू नका. चटका बसेल. मी एक जुना इन्व्हर्टर आहे. शाळेच्या दप्तराएवढा, शिंपीकाकांच्या शिवणखोलीत खिडकीशेजारी भिंतीवर टांगलेला. दमलो आहे, म्हणून आवाज बारीक येतो. तरुणपणी मी असा गुणगुणायचो, की शिलाईयंत्रे माझ्या तालावर टाके घालत! खोटे वाटत असेल तर माझ्या पाठीमागे राहणाऱ्या पालीला विचारा. तिची पणजीही इथेच ऊब घेत वाढली.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी माझ्या पोटात बारीक तारा भरल्या, पाठीला कंगव्यासारखे धातूचे दाते बसवले आणि तापवून, गार करून, धक्के देऊन माझी परीक्षा घेतली. त्या दात्यांतून वारा खेळला तरच माझा जीव थंड राहतो. एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे काम ऐकायला सोपे. छतावरच्या सौरपट्ट्यांची वीज सरळ चालीची, तर गल्लीतल्या तारेतली नाचरी, सतत पुढे-मागे होणारी. सरळ विजेला नाच शिकवायचा आणि गल्लीच्या विजेच्या पावलावर पाऊल टाकत तिला घरात सोडायचे. घराचे भागून उरेल ती बाहेर तारेत जाते. सूर्य उगवला की उठायचे, मावळला की पडायचे. सुट्टी नाही. सूर्याला कधी ताप आल्याचे ऐकले आहे का?

सुरुवातीला माझे कौतुक काय सांगू! माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी माझ्यासमोर उभे करत. “बघा, आपली वीज गल्लीत जाते! अख्खी गल्ली आज माझ्या छतावर चाललीय!” खरे तर फार तर शेजारचा एखादा पंखा फिरत असेल. पण थापा मारण्यात ते माझेही गुरू, म्हणून मी गप्प राही.

एका गोष्टीने मात्र माझे नाव खराब झाले. गल्लीची वीज गेली की मीही बंद पडतो. भर उन्हात! वीज साठवून अंधारात दिवे लावणारा तो माझा चुलतभाऊ, त्याच्याकडे बॅटरी असते. माझ्या गाठीला काहीच नसते. शिवाय कारखान्यातच माझ्याकडून वचन घेतले आहे, की तार मुकी झाली तर तिच्यात वीज सोडायची नाही. का, ते काकांनी कधी विचारले नाही. “आयतोबा!” म्हणून मोकळे झाले.

मग एकदा वादळात गल्लीतली तार तुटली. दुसऱ्या दिवशी ऊन रखरखीत, पण वीज नाही. काकांना त्याच दिवशी दवाखान्यातल्या परिचारिकांचे गणवेश द्यायचे होते. त्यांनी समोरच्या गॅरेजवाल्याचा जनरेटर ओढत आणला. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर स्वतःच बनवली. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला. घराचा मुख्य खटका आधी पाडायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते.

खिडकीतून मला गल्लीच्या टोकाचा खांब दिसत होता, आणि त्यावर चढलेला माणूसही. तो काकूंचा धाकटा भाऊ, लाइनमन. सदा खांबावरच असतो, म्हणून मुले त्याला खांबमामा म्हणतात. पलीकडून वीज बंद करून तो तुटलेली तार जोडत होता. जनरेटर सुरू झाला असता तर घरातली वीज उलटी त्याच्या हातातल्या तारेकडे धावली असती. आणि गल्लीची वीज आली असे समजून मीही फसलो असतो, तिच्यात माझी भर घातली असती. मला तोंड नाही, एक लाल दिवा आहे. तो जिवाच्या आकांताने लुकलुकवला.

“डोळे कसले मिचकावतोस?” काका म्हणाले. “आता बघ तुला कसा कामाला लावतो!” आणि त्यांनी जनरेटरची दोरी हातात घेतली.

तेवढ्यात काकू काजे-बटणे करायला आत आल्या. त्यांनी वायर पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिले.

“अहो, सोडा ती दोरी!”

“अगं, मग गणवेश काय दातांनी शिवू?”

“खांबावर माझा भाऊ आहे!”

“असू दे की. तो तिकडे, मी इकडे. घरातल्या विजेचा त्याच्याशी काय संबंध?”

“हो का? येईल त्या गिऱ्हाइकाला सांगता ना, आपली वीज गल्लीत जाते म्हणून? आज काय ती उंबऱ्याशी थांबणार आहे?”

काकांनी दोरी सोडली. काकूंनी सॉकेटमधली पिन उपटून काढली.

दुपारनंतर तार जोडली गेली. मी जागा झालो. खांबमामा चहाला आला. सगळे ऐकून त्याने कप खाली ठेवला.

“दाजी,” तो म्हणाला, “तुमच्या या आयतोबाच्या भरवशावर मी खांबावर चढतो. तार मुकी झाली की हाही गप्प बसतो, म्हणून. आणि तुम्ही माणूस असून...”

“पुरे रे,” काकू म्हणाल्या.

आता काकांना माझे उतराई व्हायचे होते. पण शिंपी उतराई होणार कसा? त्यांनी गळ्यातली टेप काढली, माझी छाती-कंबर मोजली आणि निळ्या मखमलीचा, जाड अस्तराचा, बटणे लावलेला अंगरखा शिवून मला चढवला!

तेव्हापासून मी घामाघूम आहे, मित्रांनो. दात्यांत वारा शिरत नाही. अस्तराखाली धूळ साचते. ऊन चढले की मी काम अर्ध्यावर आणतो, नाहीतर पोट जळेल. परवा काका हळहळत होते, “म्हातारा झाला गं बिचारा. मी एवढा जपतो त्याला, तरी दमतो.”

शिव्या सोसल्या, पण हे प्रेम सोसवत नाही. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. कपडे शिवायला आलात की काकांना एवढे सांगा. अंगरखा काढा, मला बंद करून कोरड्या फडक्याने दाते पुसा, वारा लागू द्या. ज्याला जपायचे, त्याला काय हवे ते आधी बघावे. मग मी पुन्हा गुणगुणेन, पालीलाही बरे वाटेल.

आणि भर उन्हात मी कधी गप्प दिसलो, तर माझ्यावर डाफरण्याआधी खिडकीतून एकदा खांबाकडे बघा.